सातखोल्यांची यादी

सहलीची बैठक तुळशीरामभाऊ एकाच प्रश्नाने सुरू करायचे.

"उलटी कोनाले होते?"

विहारात जमलेल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एखादी हात वर करायची, तिचा पाहून दुसरी. भाऊ चष्मा कपाळावर ढकलून वहीत त्या नावापुढे 'खि' लिहायचे. खि म्हणजे खिडकी. पुढचा प्रश्न गुडघ्यांचा. गुडघेवाल्यांना दाराजवळची सीट. त्यानंतर विचारायचे, "अंधाराचं भेव कोनाले वाट्टे?" याला मात्र हात वर येत नसत. भाऊ एकेक चेहरा निरखून पाहायचे आणि कोणाला न विचारता काहीतरी लिहून घ्यायचे. गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर कळायचं, की ज्यांना खरंच भीती वाटते त्या प्रत्येकीच्या शेजारी त्यांनी एकेक न घाबरणारं माणूस आणून उभं केलं आहे.

चाळीसेक माणसांची एका दिवसाची सहल, तीही सोळा किलोमीटरवरच्या सातखोल्यांना. तिची तयारी भाऊ दोन महिने आधी सुरू करत. मला त्याचं हसू यायचं. मी पंचविशीतला. घरात बाबांची पत्र्याची पेटी चळवळीच्या पत्रकांनी भरलेली. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाआधी त्या पत्रकांनी करून दिली. माणसं जमवायची तर ठिणगी लागते, यादी नाही, असं मला वाटायचं.

भाऊंना माणसं जमवायची नव्हतीच. त्यांना ती नेऊन परत आणायची होती.

बत्तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. सिंदेवाहीच्या बाजूच्या जंगलातल्या गाड्या, मुक्कामी गाड्या, बाजाराच्या दिवशी टपापर्यंत भरणाऱ्या गाड्या. रिटायर झाल्यावरही अंगात खाकी शर्ट. कोणी टोकलं की म्हणत, "खिशे मजबूत आहेत गा याचे." चालत्या गाडीत ते कधी बसले नाहीत, स्वतः तिकीट काढलं असलं तरी. दांड्याला पाठ टेकून उभे राहायचे. दारातून कधी पहिले आत जायचे नाहीत. बाजूला उभे राहून सगळे गेल्यावर जायचे. लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले तर हनुवटीने रांग मोजत. बोलणं संपलं की जे हाताशी असेल त्यावर, दारावर, टेबलावर, सायकलच्या मडगार्डवर, बोटाने दोनदा टकटक करत आणि म्हणत, "झालं. निंगा आता." गावात त्यांना डबलबेल म्हणत. तोंडावर सुद्धा.

मोजायची त्यांची एक रीत होती. आधी उजवा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवायचे. "एक मी." मग बाकीचे. एकदा मी विचारलं, "स्वतःला काऊन मोजता भाऊ? तुम्ही कुठं हरवता?"

"मोजनारा घाईत असते," ते म्हणाले. "सोताले मोजलं का जरा दम घेते."

हे त्यांना शिकवलं एका म्हाताऱ्याने. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. जंगलातल्या एका थांब्यावर काही माणसं लघवीला उतरली. ड्रायव्हरला घाई, भाऊंनाही घाई, पुढच्या गावात बाजार सुटायची वेळ. भाऊंनी ओझरतं पाहिलं आणि डबल बेल दिली. बरंच पुढे गेल्यावर एका सीटवर नुसतं गाठोडं दिसलं. गाडी वळवायला रस्ता अरुंद. ड्रायव्हर म्हणाला, येईल मागच्या गाडीने. मागची गाडी त्या दिवशी आलीच नाही. म्हातारा वाघाच्या जंगलातून अकरा किलोमीटर चालत गेला. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या थांब्यावर तो भाऊंच्याच गाडीत चढला. म्हाताऱ्याने गाठोडं मागून घेतलं, सीटवर बसला आणि एवढंच म्हणाला, "काल तुले लय घाई होती वाट्टे गा."

"शिव्या देल्या असत्या त विसरलो असतो," भाऊ सांगत. "त्यानं शिव्याच नाई देल्या ना."

सातखोल्या हा आमच्या भागातला एक डोंगर. त्याच्या पोटात दगडात कोरलेल्या खोल्या आहेत. नाव सातखोल्या, सापडतात पाच. दोन मातीखाली गेल्या असं म्हातारी माणसं सांगतात. कोणी कोरल्या याचं उत्तर ज्याचं त्याचं वेगळं. आमच्या मोहल्ल्यात, म्हणजे छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्यांच्या मोहल्ल्यात, त्या भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. तलावाकाठच्या मासेमार ढिवरांच्या मते पांडवांच्या. डोंगरापलीकडच्या गोंडांसाठी तिथे त्यांचा देव. धान कापून झालं की तिन्हीकडची माणसं तिथे जात, आपापल्या रीतीने हात जोडत, पायथ्याच्या तलावावर भात शिजवत आणि दिवस कलायच्या आत परतत. डोंगर कोणाचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तो पार्क झाला. रस्त्यावर कमान आली, कमानीखाली साखळी, साखळीपाशी खिडकी, आणि वाघाचा हसरा फोटो असलेला फलक. आत जायचं तर आधी अर्ज. चूल पेटवायची नाही, मेणबत्ती लावायची नाही, मोठ्याने वंदना म्हणायची नाही. बाकी कोणाला यात काही वावगं वाटलं की नाही माहीत नाही. माझ्या अंगाची आग झाली.

भाऊंनी नियमांचा कागद खिडकीवरून मागून आणला आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. मेणबत्तीच्या नियमावर त्यांनी खूण केली होती. "हा नियम त माहाच हाय," म्हणाले.

ते खरं होतं. सहलीच्या पंधरा दिवस आधी ते सायकलने एकटे सातखोल्यांना जाऊन येत आणि तिसऱ्या खोलीच्या कपाळावर आग्या मोहोळ यंदा बसलं आहे की नाही ते पाहत. बसलं असेल तर त्या वर्षी अगरबत्ती नाही, मेणबत्ती नाही, विडी नाही, केसाला वासाचं तेल नाही. एका वर्षी माझ्या आईने ऐकलं नाही. पदरात लपवून नेलेली अगरबत्ती तिने तिसऱ्या खोलीत पेटवली. मोहोळ उठलं. भाऊंनी अंगातला खाकी शर्ट काढून आईच्या डोक्यावर टाकला, तिला खाली बसवलं आणि स्वतः उघड्या पाठीने तिच्यासमोर उभे राहिले. आठवडाभर त्यांना अंथरुणावर पालथं झोपावं लागलं. आम्हाला वाटलं, पुढच्या वर्षी आई यादीत नसेल. ती होती. नावापुढे 'अ' लिहिलेला होता. गाडीच्या दारात भाऊंनी तिच्यापुढे हात पसरला.

"बाई, पदरातली काडी."

"नाई हो भाऊ, खरंच नाई."

"मंग कमरेतली."

आईने कमरेतून काढून दिली. आख्खी गाडी हसली. भाऊ हसले नाहीत, त्यांनी काडी खिशात टाकली आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "चढा."

पार्क झाला त्या वर्षीच्या बैठकीला एक म्हातारी विहाराच्या दारात येऊन उंबऱ्याबाहेर बसली होती. कौसल्याबाई, तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली. तिला आत बोलवायला कोणी उठलं नाही. माझ्यासारखा समतेवर चार पानं लिहिणाराही नाही, कारण मी पहिल्या रांगेत माझं म्हणणं मांडायची वाट पाहत होतो. भाऊ उठले.

"बाई, दारात बसनाऱ्याचं तिकीट मी फाडत नाई. अंदर या."

ती आत आली, खांबाला टेकून बसली. "मले नेजो गा तुळशीराम," म्हणाली. "माहा जलम तिथी झाला."

तिची आई पोटुशी असताना बांबू तोडायला डोंगरावर गेली होती. पाऊस लागला, कळा सुरू झाल्या. बरोबरच्या बायांनी तिला दुसऱ्या खोलीत नेलं, चूल मांडली, पाणी तापवलं. कौसल्याबाई तिथे जन्मली आणि पाऊस उघडेपर्यंत चार दिवस तिथेच राहिली. लग्नाआधी आईने एकदा तिला ती खोली दाखवली होती. त्यानंतर सासर, लेकरं, तलावातली मासोळी, रोजी. जाणं राहून गेलं.

"एक डोळा गेला," ती म्हणाली. "काचबिंदू म्हंते डॉक्टर. दुसऱ्यानं अजून दिसून राह्यलं. यंदा दिसते तं पाहून घेतो. पुढच्या सालाचं का सांगता येते."

भाऊंनी वहीत लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "दुसरी खोली म्हंता बाई. कोन्या अंगानं दुसरी?"

बाया हसल्या. कौसल्याबाई मात्र डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सूर्य उगवते त्या अंगानं."

'उगवतीकडून दुसरी', भाऊंनी लिहिलं.

तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्ज भरायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कॉम्प्युटरवरच्या मुलीने विचारलं, "उद्देश काय टाकू? पर्यटन, अभ्यास, इतर."

"पाहाले जातो," भाऊ म्हणाले.

"मग पर्यटन."

मी उसळलो. "आपल्याच लेण्यात आपण पर्यटक? हक्क लिहा. वारसा लिहा."

"त्यात तसं नाहीये दादा," मुलगी म्हणाली.

भाऊ माझ्याकडे न पाहता तिला म्हणाले, "टाक बाई तू पर्यटन." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अंदर गेल्यावर तू कोन होतेस, ते कॉम्प्युटरले दिसत नाई गा."

परवानगी आली. बेचाळीस माणसं, दोन तुकड्या. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर ठरली. भाऊंनी डोंगराची पाहणी करून आणली: मोहोळ आहे पण लहान, उगवतीकडून दुसऱ्या खोलीची पायरी तुटली आहे, कौसल्याबाईला दोघांनी धरावं लागेल.

आता जे लिहितो ते भाऊ होते तोवर त्यांनी लिहू दिलं नाही. ते गेल्या पावसाळ्यात तापाने गेले, म्हणून लिहितो.

सहलीला दहा दिवस असताना मी एक पत्रक काढलं. 'सातखोल्यांवर धडक!' हा मथळा. सातखोल्या आमच्या आहेत, आमच्या पूर्वजांच्या छिन्नीच्या आहेत, साखळी लावणारे तुम्ही कोण, असा मजकूर. तारीख आणि वेळ भाऊंच्या सहलीची. शेवटी, 'हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा.' आणि त्याखाली, निमंत्रक म्हणून, भाऊंचं पूर्ण नाव, कंसात निवृत्त वाहक.

मी त्यांना विचारलं नाही. आमच्याकडे पत्रकाची तशीच रीत आहे. लिहितो तरुण, नाव घालतात वडीलधाऱ्याचं. तो मान असतो. विचारायला जाणं म्हणजे नाही म्हणतील असा संशय घेणं. माझ्या बाबांचं नाव अशा किती पत्रकांखाली होतं. ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाचत, आपलं नाव कितवं आहे ते पाहत आणि खूश होत. मी भाऊंचं एकट्याचंच घातलं. मला वाटलं, मी त्यांना सर्वांत मोठा मान दिला.

एक गोष्ट मी विसरलो. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात पत्रकाला दोन वाचक असतात. एक, ज्याच्यासाठी लिहिलं तो. दुसरा ठाण्यातला. आणि दुसरा नेहमी पहिल्याच्या आधी वाचतो.

भाऊंना सकाळी बोलावणं आलं. मला कळलं तेव्हा दुपार होत आली होती. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर ते खाकी शर्टात ताठ बसलेले. मांडीवर सहलीची वही. आतून बोलावलं तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"हे कोणी लिहिलं?"

"खाली नाव कोनाचं हाय साहेब?"

"तुमचं."

"मंग."

"हजारोंच्या संख्येने, असं लिहिलंय. किती माणसं आणणार आहात?"

भाऊंनी वही उघडून टेबलावर ठेवली. "बेचाळीस. सीट नंबर टाकून आहेत. हे 'खि' म्हंजे उलटीवाले."

साहेबाने वहीची पानं उलटली. आत कोणीतरी हसलं. साहेब हसला नाही, पण त्याचा आवाज उतरला. "काका, तुम्ही हे लिहिलेलं नाही. मलाही कळतं. ज्याने लिहिलं त्याचं नाव सांगा आणि घरी जा."

मी खिडकीबाहेर उभा होतो. तीन पावलं चालून आत जाता आलं असतं. पेटीभर पत्रकं वाचून मी जे शिकलो होतो, ते त्या तीन पावलांसाठीच होतं. भाऊंची नजर वळली आणि माझ्यावर पडली. त्यांनी मान किंचितही हलवली नाही. टेबलावर बोटाने दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "झालं साहेब. माहं नाव हाय, माहंच लिवनं हाय. सही कुठी करू?"

ती टकटक साहेबासाठी नव्हती, हे मला कळलं. मी गेलो. म्हणजे, निघून गेलो.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात मी म्हणालो, "उद्या मी जाऊन सांगतो."

"काही नाई सांगत तू," ते म्हणाले. "तुले परीक्षा द्याच्या आहेत, नौकरी पाहाची हाय. एकदा नाव चढलं का कोनी उतरवून देत नाई. माहं का, मी रिटायर हाव." मग त्यांनी खिशातून पत्रक काढलं. घडीवर घडी पडलेलं. बोट फिरवत पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. "मस्त लिवलं. एक चूक नाई शुद्धलेखनाची. फक्त इथी 'आमच्या' लिवलं तू. आमच्या म्हंजे कोनाच्या गा? कौसल्याबाईच्या का नाई?"

आजही, दर पत्रकात तो शब्द लिहिताना माझं पेन अडतं.

परवानगी रद्द झाली. भाऊंना नोटीस आली. यापेक्षा मोठं काही झालं नाही, आणि हे मोठं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरून उठवलं.

"चाल."

"कुठं?"

"बेचाळीस घरं आहेत."

गाडी रद्द झाल्याचं ते फोनवर सांगत नसत, फलकावर लिहीत नसत. ज्याला सीट दिली, त्याच्या दारात जाऊन सांगायचं. मी त्यांच्या मागे मागे, सायकल ढकलत. प्रत्येक दारात ते एकच वाक्य बोलत, "गाडी रद्द झाली बाप्पा." कोणी काऊन विचारलं तर म्हणत, "माही चूक झाली." कोणी चिडलं, कोणी हसलं, माझ्या आईने तर करून ठेवलेल्या लाडवांचं काय करायचं ते विचारलं. पत्रक गावात सगळ्यांनी वाचलं होतं. ते कोणाचं आहे हेही निम्म्या गावाला ठाऊक होतं. एकानेही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. सगळे भाऊंकडे पाहत होते, आणि भाऊ काय म्हणतात तेच खरं धरत होते. एखाद्याने माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं.

कौसल्याबाईचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ती दारात जाळं दुरुस्त करत बसली होती, डोळ्याजवळ धरून.

"गाडी रद्द झाली बाई."

सुई थांबली. "काऊन गा?"

"मोजनीत चूक झाली माही."

"तुही?" ती म्हणाली. "तुही कशी होईन मोजनीत चूक?"

भाऊ खाली बसले. पहिल्यांदाच मी त्यांना कोणाच्या दारात बसलेलं पाहत होतो. मग ते म्हणाले, "पुढच्या साली नेतो. सीट तुमचीच हाय."

"नेजो," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळं डोळ्याशी नेलं. "तवरिक हा डोळा राह्यते का पाहू."

तो राहिला नाही. पोळ्याच्या सुमारास दुसऱ्या डोळ्यानेही दिसणं बंद झालं.

पुढच्या वर्षी भाऊंनी त्याच प्रश्नाने बैठक सुरू केली. या खेपेला परवानगी फक्त वीसजणांना मिळाली, ओळखपत्रं तपासून. यादीत पहिलं नाव कौसल्याबाईचं. भाऊंचं स्वतःचं नाव कॉम्प्युटरने घेतलं नाही. नोटीस असलेल्या माणसाला आत सोडता येत नाही, असं खिडकीवर सांगितलं. खिडकीतल्या पोराला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. भाऊ म्हणाले, "ठीक हाय. वीस त वीस." वीस भरायला त्यांनी माझं नाव घातलं.

मी तोंड उघडलं. ते म्हणाले, "तुही सीट कौसल्याबाईच्या बाजूले. नावापुढं काही लिवलं नाई मी. पाहून घेजो."

कमानीपर्यंत आम्ही एसटीने गेलो. पुढचे तीन किलोमीटर पार्कच्या जिप्सीने जायचं. भाऊंनी सगळ्यांना साखळीपाशी ओळीने उभं केलं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तो छातीकडे गेला नाही. तो सरळ कौसल्याबाईच्या खांद्यावर गेला. "एक." मग दोन, तीन, शेवटी माझ्या खांद्यावर वीस. साखळी खाली झाली, जिप्स्या आत गेल्या, साखळी वर झाली. आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत ते तिथे उभे होते, गाडीच्या पत्र्यावर मारायला उचललेला हात तसाच.

मी उगवतीकडून मोजली. एक, दोन. तुटलेल्या पायरीवर दोघांनी कौसल्याबाईला उचललं. आत अंधार होता, तिला त्याने फरक पडत नव्हता. तिने भिंत चाचपली, हाताने, मग गालाने. कोपऱ्यात दगड काळा पडलेला होता. तिथे कधीतरी चूल असावी, किंवा नसावीही. मी तिचा हात तिथे ठेवला.

"काळी हाय का रे भिंत इथी?"

"हो बाई."

"मले वाटलंच." ती तिथेच खाली बसली, पाय पसरून, घरात बसावं तशी. मी हात जोडून वंदना पुटपुटलो, आवाज न करता. तिने विचारलं, "तुळशीराम कुठी हाय?"

"बाहेर आहेत बाई. कमानीपाशी."

"काऊन? त्यानं त मले आनलं."

मी तिला सांगितलं. पत्रक कोणी लिहिलं, गाडी का रद्द झाली, भाऊ का बाहेर आहेत. ठाण्याच्या खिडकीबाहेर मी होतो, हेही. त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते पूर्ण बाहेर पडलं. ती ऐकत राहिली. भिंतीवरून हात न काढता म्हणाली, "म्हंजे मले दिसलं असतं."

एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या नाहीत.

वेळ संपल्यावर आम्ही परत आलो. भाऊ साखळीच्या पलीकडे उन्हात उभे होते. कसं झालं, काय पाहिलं, काही विचारलं नाही. साखळी खाली होताच मोजायला लागले. कौसल्याबाईच्या खांद्यावर हात. "एक."

"दुसरीच होती गा," ती त्यांचा हात पकडून म्हणाली. "लय थंड होती. तसीच."

"हो बाई," ते म्हणाले, आणि मोजत राहिले. अठरा, एकोणीस. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वीस. झाले."

"भाऊ, तुम्ही?" मी म्हणालो. "तुम्ही स्वतःला मोजलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता.

"मी कुठी गेलतो गा?"

सगळे गाडीत चढेपर्यंत ते दाराशी बाजूला उभे राहिले. मग वर आले, दांड्याला पाठ टेकली. मला ते तसेच आठवतात: मागच्या काचेत ती कमान लहान होत चाललेली, तिच्याकडे त्यांची पाठ, आणि तोंड आम्हा वीसजणांकडे. त्यांनी हात वर केला आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.